कपावरचं नाव

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर वर करून उत्ती जेमतेम खुर्चीत टेकली होती, तोच अण्णा मागच्या कारखान्यातून आले. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे आधी घे. शाळांच्या ढाली थांबतील."

"ढाली सोमवारी द्यायच्यात, अण्णा."

"थांबतील म्हटलं ना."

तिनं फडकं सोडलं. आत चांदीचा कप होता. ओंजळीत मावेल एवढा, ठेंगणा, गोल पोटाचा. दुकानाच्या काचेमागे ओळीनं उभे असलेले सगळे कप यंत्रावर वळवलेले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. हा मात्र हातोडीनं ठोकून घडवलेला होता. पोटावर ठोक्यांच्या बारीक खुणा दिसत होत्या आणि एक कान दुसऱ्यापेक्षा तसूभर वर बसला होता. उत्तीला एकदम उलगडा झाला. गेले कित्येक आठवडे दुपारी भिंतीपलीकडून ठक् ठक् आवाज यायचा. हात थरथरायला लागल्यापासून अण्णांनी कप घडवणं सोडलं होतं, त्यामुळे तिला वाटायचं, म्हातारा माणूस, वेळ जात नाही म्हणून काहीबाही ठोकत बसला असेल.

"हा तुम्ही केलात?"

"मग काय शेजाऱ्यानं केला?" अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले. "यावर नाव कोर. अजिंक्य. रोज अजिंक्यपद कोरतेस, त्यातलं 'पद' तेवढं गाळ."

"तांब्याच्या बाळाचं?"

"नाहीतर काय माझं? उद्या सगळे वर जेवायला आहेत. जेवणं झाली की काढू."

उत्तीनं कप खाली ठेवला. "तांब्याला विचारलंत? वहिनीला?"

"विचारायचं काय त्यात? कपावर नाव दिसलं की कळेलच त्यांना."

या घरात नावं अशीच ठेवली गेली होती. वर संसार आणि खाली कप, ढाली, पदकं. त्यामुळे वर काही घडलं की अण्णांना खालच्याच भाषेत बोलायला सुचायचं. पहिला मुलगा झाला तेव्हा ते म्हणाले, सोनं आलं. दुसऱ्याच्या वेळी चांदी. तिसरा झाला तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यातच ते हसत सुटले, "चला, कांस्यही पदरात पडलं!" कागदोपत्री तिघांना चांगली भारदस्त नावं होती, पण घरीदारी ते सोन्या, चांदू आणि तिसरा झाला तांब्या, कारण कांस्य काही कुणाच्या जिभेवर बसेना. शाळेत पाणी प्यायची सुट्टी झाली की पोरं मुद्दाम ओरडायची, "तांब्या आण रे!" सगळ्यात शेवटी मुलगी झाली. तोवर तिन्ही बक्षिसं वाटून संपली होती. अण्णा म्हणाले, "ही उत्तेजनार्थ." तिची उत्ती झाली. आई होती तोवर तीच तेवढी तिला पूर्ण नावानं हाक मारायची.

उत्ती त्यावरून कधी रुसली नव्हती. नाव काही का असेना, चौघांत अण्णांनी कोरणी दिली ती तिच्याच हातात. भाऊ हिशेब बघायचे, गिऱ्हाईक बघायचे, तांब्या तर धंदाच सोडून नकाशे काढायच्या कचेरीत लागला होता. गावभरच्या विजेत्यांची नावं मात्र उत्तीच्या हातून जायची. आणि अण्णांनी सांगितलेलं काम तिनं कधी परतवलं नव्हतं.

पण आज कोरणी हातात घेऊनही ती बराच वेळ बसून राहिली. बाळ वेळेच्या फार आधी आलं होतं. मुठीएवढा जीव. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात. गेल्याच आठवड्यात त्याला घरी आणलं. त्या दिवशी पायऱ्या चढताना तांब्याची बायको तिच्या कानाशी लागून म्हणाली होती, "ताई, नावाचं तेवढं आमचं आम्ही बघू हं. अण्णांच्या डोक्यात काही असलं तर तुम्ही जरा सांभाळून घ्या." आणि उत्ती "हो गं" म्हणून गेली होती.

सांभाळून घ्यायचं म्हणजे काय करायचं? काचेपलीकडे अण्णा फुटपाथवर उभे होते, पाठीमागे हात बांधून, एका हातानं दुसरा धरून. थरथर दिसू नये म्हणून हल्ली ते तसेच उभे राहायचे. या हातांनी त्यांनी तो कप कसा घडवला असेल, देव जाणे. उत्तीनं कप लाकडी साच्यात बसवला आणि पहिला 'अ' धरला.

अक्षरं सुरेख आली. ती तिला हवी होती त्याहून सुरेख आली.

*

रविवारी जेवणं आटोपली, ताटं उचलली गेली, आणि टेबलावर संत्र्यांची परडी आली. बाळ खिडकीजवळच्या वेताच्या टोपलीत झोपलं होतं. त्याच्या आईनं खुर्ची अशी ओढून घेतली होती की बोलता बोलता एक हात टोपलीच्या काठावर राहावा.

नावाचा विषय चांदूनंच काढला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं.

"बाळ घरी येऊन आठवडा झाला, अजून त्याला 'बाळ'च म्हणताय. माझ्याकडे नावांचा साठा आहे. आपल्या घराण्याला साजेलशी. गौरव."

"गौरव जुनं झालं," मोठ्या वहिनी म्हणाल्या. त्या सोन्यादादाच्या बायको, एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि घरातही त्यांचं बोलणं घंटा झाल्यासारखं यायचं.

"सन्मान."

"सन्मान नावाच्या पोराला कान धरून वर्गाबाहेर कसं काढायचं?"

"बरं, यश."

"आमच्या शाळेत यश नावाची इतकी मुलं आहेत की हजेरीला गोंधळ होतो. त्यातली निम्मी नापास. परवा एकाच्या आईला सांगावं लागलं, बाई, तुमचं यश थोडक्यात हुकलं."

तांब्या हसला. त्याची बायकोही हसली. चांदूला आणखी चेव आला. "मग बाहेरच्या देशातलं बघू. ऑस्कर! नोबेल! 'नोबेल, दूध पी रे.' कसं वाटतंय?"

"दूध पिणार नाही तो, भाषण करेल," तांब्या म्हणाला.

"विक्रम घ्या मग," सोन्यादादा संत्रं सोलत म्हणाला. दादा कमी बोलायचा आणि बोलला की विषय मिटायचा, निदान त्याला तसं वाटायचं. "साधं आहे, सरळ आहे. मैदानावरचाही विक्रम आणि नावही."

"आम्ही ठरवतोय," बाळाची आई म्हणाली. आवाज मऊ होता. "एक मनात आहे. सांगू."

"सांगू काय? सांग की!"

उत्ती संत्र्याच्या फोडीवरचे धागे काढत होती. तिला अण्णांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते आतल्या खोलीत गेले आणि पिवळं फडकं घेऊन आले. तिनं हातातली फोड ताटलीत ठेवली.

"सांगायचं काही उरलेलं नाही," अण्णा म्हणाले. फडकं त्यांनी टेबलाच्या मधोमध सोडलं. खिडकीतलं ऊन कपावर पडलं आणि अक्षरं झगझगली.

मग चांदूनं कप उचलून मोठ्यानं वाचलं, "अजिंक्य! वा! आणि कप हाताचा? अण्णा, तुम्ही केलात?" दादाही उठून बघायला आला. त्यानं पोटावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मोठ्या वहिनी म्हणाल्या, "अक्षर बाकी उत्तीचं," आणि सगळ्यांनी एकदम उत्तीकडे बघितलं.

बाळाच्या आईनंही. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं उत्तीला वाटलं.

"मी त्याला शब्द दिला होता," अण्णा उभ्यानंच सांगत होते. "काचेबाहेर उभा राहून. म्हटलं, पठ्ठ्या, एवढी लढाई जिंकून घरी ये, तुझा कप माझ्याकडे तयार. आला की नाही जिंकून? डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशा पोराचं दुसरं नाव काय ठेवणार?"

"अण्णा, कप फार सुंदर आहे," बाळाची आई म्हणाली. "पण हे नाव नको."

दादा आपल्या खुर्चीत परत बसला.

"नको म्हणजे?"

"अजिंक्य नको. आम्ही नाही ठेवणार ते."

"नावाला नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही," अण्णा म्हणाले. त्यांना ते विनोदानं म्हणायचं होतं, पण तसं उमटलं नाही.

दादानं मध्यस्थी केली, म्हणजे अण्णांची बाजू घेतली. "अगं, कोरलंय आता. आणि वाईट काय आहे त्यात? चांगला अर्थ आहे. घरात हवं तर दुसरं काहीतरी म्हणा. आम्हाला तरी कोण खऱ्या नावानं ओळखतं?"

"तेच," तांब्या म्हणाला.

तो इतका वेळ बाळाच्या टोपलीकडे बघत बसला होता. आता त्यानं मान वर केली. "दादा, तुला सोन्या म्हणतात. तुझं काय बिघडलं? मला कचेरीत नवीन माणूस भेटला आणि मागून घरचं कुणी 'तांब्या' म्हणालं, की मला अजून सगळी गोष्ट सांगावी लागते. सांगतो मी, हसतो पण. पण माझ्या मुलानं कुणाला काही समजावत बसावं असं मला वाटत नाही."

"कांस्य म्हणजे कमी नाही काही," चांदू घाईनं म्हणाला. "सोन्याचं पदक वरून सोनं, आतून भलतंच. चांदीचंही तेच. कांस्य तेवढं आरपार खरं—"

"चांदूदादा, हे तू तिसऱ्या नंबरच्या गिऱ्हाइकांना सांगतोस. मी दुकानात वाढलोय."

चांदू ओशाळून हसला आणि कप खाली ठेवला.

"आणि तुला कुणी सांगितलं माझं काही बिघडलं नाही?" दादा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण दादा तिसऱ्यांदा बोलला होता. त्यानं संत्र्याची साल ताटलीत नीट रचली. "शाळेत धावायची शर्यत असली की माझं पोट दुखायचं. सोन्या म्हणून हाका मारणार सगळे, आणि सोन्या पाचवा येणार. मी कधी उभाच राहिलो नाही. कपांच्या दुकानातला मोठा मुलगा, आणि एकाही शर्यतीत नाही." त्यानं अण्णांकडे बघितलं नाही. "राहू दे त्यांना जे ठेवायचंय ते."

मोठ्या वहिनींनी नवऱ्याकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट आजच त्यांच्या कानावर येत होती. मग त्यांनी हात पुढे करून त्याच्या ताटलीतली साल आपल्या ताटलीत घेतली.

"म्हणजे सगळे एका बाजूला आणि मी एकटा," अण्णा म्हणाले.

"बाजू कसली, अण्णा," बाळाची आई म्हणाली. आता तिनं टोपलीवरचा हात काढून मांडीवर घेतला. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही रोज यायचात, तासन्‌तास उभे राहायचात, मी बघितलंय. पण आमच्या पेटीशेजारी आणखी एक पेटी होती. आठवते?"

अण्णांनी खुर्चीची पाठ धरली.

"त्यातही मुलगाच होता. आमच्यापेक्षा थोडा मोठा, वजनानं चांगला. त्याची आई बसची तिकिटं द्यायच्या खिडकीवर काम करते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. ती माझ्यासाठी चहा आणायची, मी तिच्यासाठी. माझ्या बाळाचा श्वास अडकायचा तेव्हा ती माझा हात धरून बसायची. तिचा तर बरा होत होता. आणि एक दिवस सकाळी मी गेले, तर ती पेटी रिकामी. पुसून ठेवलेली." तिनं हात पुन्हा टोपलीच्या काठावर ठेवला. "लोक भेटायला येतात आणि म्हणतात, तुमचा लढला, जिंकला. मी मान हलवते. पण मनात येतं, मग तो हरला का? त्यानं काय कमी केलं? तोही तेवढंच करत होता, नुसता श्वास घेत होता. मी माझ्या मुलाला अजिंक्य म्हणून हाक मारेन आणि प्रत्येक हाकेला मला ती पेटी दिसेल. मला नाही जमणार, अण्णा."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णांनी टेबलावरचा कप घेतला, फडकं घ्यायला मात्र विसरले, आणि जिना उतरून खाली निघून गेले. त्यांची पावलं दुकानातून मागे कारखान्यापर्यंत जाताना सगळ्यांना ऐकू आली.

"लागलं त्यांना," चांदू म्हणाला.

"लागणारच," मोठ्या वहिनी म्हणाल्या. "पण ती खरं बोलली." आणि मग आवाज बदलून, "मनात आहे म्हणालीस ते नाव कोणतं?"

बाळाच्या आईनं तांब्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली.

"रात्रपाळीच्या सिस्टर होत्या तिथं. सकाळी त्यांची सुट्टी व्हायची तेव्हा आम्ही दारात उभे. विचारायचं कुणी, तू की मी, असं चालायचं आमचं. त्या बाहेर येताना चपला घालत घालत एकच शब्द बोलायच्या. कसा आहे? तर, 'निवांत आहे.' तेवढं ऐकलं की आमचा दिवस निघायचा. दुसरं काही नको असायचं." ती जराशी हसली. "निवांत ठेवायचं म्हणतोय."

"निवांत?" चांदूच्या तोंडून गेलंच. "म्हणजे शाळेत मास्तर म्हणणार, 'निवांत, घाई कर'?"

"चांदूभावजी, तुमची संत्री संपली असतील तर ताटल्या घासायला घ्या," मोठ्या वहिनी म्हणाल्या.

उत्ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "वहिनी," ती म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस. मी तरी कोरलं. अण्णांना नाही म्हणायचं मला कधी सुचतच नाही."

"जाऊ दे, ताई."

"जाऊ दे नाही. मी काढते ते."

*

कारखान्यात अण्णा आपल्या जुन्या स्टुलावर बसले होते. दिवा लावलेला नव्हता. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पॉलिशचं चाक, चिमटे, ठोकायचे लाकडी ओंडके सगळं धुरकट दिसत होतं. कप त्यांच्या गुडघ्यावर होता.

उत्ती समोरच्या पेटाऱ्यावर बसली. लहानपणी ती इथंच बसून त्यांचं काम बघायची.

"मला ती दुसरी पेटी दिसलीच नाही," अण्णा म्हणाले. "एवढे दिवस उभा होतो. तिथं पेटी होती, हे आता आठवतं. पण आत कोण, काय, बघितलंच नाही. मी आपला एकाच पोराकडे बघत होतो."

"सगळे तसंच बघतात, अण्णा."

"तिनं बघितलं ना?"

उत्तीनं पेटाऱ्यावरची धूळ तळव्यानं पुसली.

"काय बोलायचं ते कळेना गं तिथं. काच असते मध्ये. हात लावता येत नाही. नुसतं उभं राहायचं. आयुष्यभर एकच बोलणं येतं मला. जिंक, मग कप देतो. पोरांनाही तेच, गिऱ्हाइकालाही तेच. त्याच्यासमोर तेच बोललो. दुसरं काही यायलाच तयार नाही तोंडात." त्यांनी कप उजेडाकडे धरला. हात हलत होता, त्यामुळे अक्षरंही हलत होती. "सोन्या शर्यतीला उभा राहायचा नाही, हे तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"मला वाटायचं, आळशी आहे."

त्यांनी कप तिच्याकडे दिला. "निघेल का हे?"

उत्तीनं नखानं अक्षराची खोली बघितली. "निघेल. पत्रा जाड ठेवलाय तुम्ही."

"ठेवलाय कुठला? पातळ करायला हात चालत नाही आता."

दोघंही हसले, जरा जरा. उत्तीनं दिवा लावला, खरखरीत कागद काढला आणि कप मांडीवर घेतला. अण्णांनी तो तिच्या मांडीवरून उचलला.

"आण इकडे. कोरायचं तुझं काम. घासायला थरथरता हातही चालतो."

ते घासायला लागले. आधी 'य' गेला, मग त्याला जोडलेला अर्धा 'क'. चांदीची बारीक पूड त्यांच्या पँटवर पडत होती. मधूनमधून थांबून ते अंगठा फिरवून बघत आणि पुन्हा सुरू करत. उत्तीला वाटत होतं की घ्यावा, लवकर होईल. तिनं घेतला नाही. ती त्यांना एकेक कागद काढून देत राहिली, आधी जाड, मग त्याहून बारीक.

"वहिनीनं नाव सांगितलं," ती म्हणाली. "निवांत."

अण्णांचा हात थांबला. "हे कसलं नाव? आपल्या धंद्यात निवांत म्हणजे दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही."

"तिथल्या सिस्टर सकाळी तेवढंच सांगायच्या त्यांना. बाळ निवांत आहे."

अण्णा पुन्हा घासायला लागले. "मलाही सांगायच्या," ते म्हणाले. "मी लवकर जायचो ना. पण मला वाटायचं, बाई टाळतेय. धड काही सांगत नाही. लढतोय म्हणावं, झुंजतोय म्हणावं. हे काय, निवांत आहे!" त्यांनी फुंकर मारून पूड उडवली. "तेच ऐकायला जात होतो, आणि तिच्यावरच चिडायचो."

शेवटी राहिलेला 'अ' जायला वेळ लागला. तो उत्तीनं फार खोल धरला होता.

*

ते वर आले तेव्हा ताटल्या घासून झाल्या होत्या आणि घर पांगलं होतं. चांदू कचरा टाकायला खाली गेला होता. दादा आणि मोठ्या वहिनी गॅलरीत उभे होते. दादा हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि वहिनी मध्ये न बोलता ऐकत होत्या, हे दोन्ही उत्तीनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तांब्या टेबलाशी बसल्या बसल्या पेंगत होता.

अण्णांनी कप बाळाच्या आईसमोर ठेवला. पोटावर जिथं नाव होतं तिथं आता नुसती चमक होती.

"हा नुसता कप," ते म्हणाले. "जिंकल्याबिंकल्याचा नाही. घरात मूल आलं म्हणून आजोबानं केलेला. असा चालेल का, की हाही नको?"

तिनं कप दोन्ही हातांनी घेतला. "चालेल, अण्णा."

अण्णा तिथंच घुटमळले. "ती तिकिटांच्या खिडकीवरची बाई," ते म्हणाले. "तिचं कसं चाललंय?"

"कामावर यायला लागलीय. मी फोन करते मधूनमधून. काय बोलायचं कळत नाही, पण करते."

"करत जा. घरी बोलव तिला, यावंसं वाटलं तर. नाही आली तरी बोलव." मग टोपलीकडे बघत, "त्याच्या पेटीवर काही नाव होतं का?"

"नव्हतं. नुसतं आईचं नाव लिहिलेलं असायचं. आमच्याही पेटीवर माझंच होतं."

अण्णांनी मान हलवली. बाळ चुळबुळलं, एक मूठ बाहेर आली. आईनं त्याला उचललं आणि अण्णांसमोर धरलं. बाळ घरी आल्यापासून अण्णांनी त्याला घेतलं नव्हतं. कधी चष्मा शोधायचा असायचा, कधी खाली गिऱ्हाईक असायचं.

"नको," ते म्हणाले. "हात हलतो माझा."

"हलू दे. त्याला झुलवल्यासारखं वाटेल."

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांचे दोन्ही हात त्याच्याभोवती आले, थरथरत आले आणि तसेच थरथरत राहिले. बाळानं एकदा तोंड वाकडं केलं, रडावं की नाही याचा विचार केला, आणि पुन्हा डोळे मिटले. तांब्या जागा झाला होता. तो हनुवटीखाली हात घेऊन वडिलांकडे बघत बसला.

उत्तीनं पिवळं फडकं टेबलावरून उचललं आणि घडी घालायला घेतलं. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि चांदू रिकामी बादली घेऊन दारात उभा राहिला.

"मग? काय ठरलं शेवटी?" त्यानं तिथूनच ओरडून विचारलं.

अण्णांनी मान वर केली नाही. "हळू बोल जरा," ते म्हणाले. "निवांत झोपलाय."

बाळाच्या आईनं कप छातीशी धरला. तांब्या खुर्चीत सरळ झाला. चांदूनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, बादली अलगद खाली ठेवली आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "म्हणजे नाव म्हणून, की नुसताच?"

"तुला काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "तू जिना हळू चढायला शिक."